गाडी बंद करायची नाही

इंदिरा गेल्यापासून मी रोज सकाळी गाडी सुरू करतो, हीटर लावतो आणि आत बसून राहतो. आमच्या लोणावळ्याकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात हे करावंच लागतं. नाहीतर सीटला बुरशी धरते. बेल्ट पांढरे होतात, स्टिअरिंगवर हात ठेवला की हाताला हिरवट काहीतरी लागतं. पूर्वी हे काम इंदिराचं होतं. पाऊस लागला की ती चहाचा कप घेऊन गाडीत जाऊन बसायची, हीटर लावायची आणि पेपर वाचायची. मी घरातून हाका मारायचो, तर काचसुद्धा खाली करायची नाही. ती गेली आणि ते काम माझ्याकडे आलं.

आमचं घर भाज्यात, गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो आणि इंदिरा तळेगावातच शाळेत शिकवायची. दोघंही निवृत्त झाल्यावर इथं घर बांधलं. गाडी डिझेलची घेतली, कारण तिचं माहेर सांगलीकडं. तिची आई होती तोवर दर महिन्याला जाणं-येणं असायचं. आई गेल्यावरही भावाकडं आम्ही जात राहिलो. आता सांगलीला कोण जाणार. गाडी मळवली स्टेशनपर्यंत दूध-भाजीला जाते, महिन्यातून एकदा लोणावळ्याला डॉक्टरकडं जाते आणि बाकी दिवस दारात उभ्या उभ्या चालू राहते.

घरकामाला सारजाबाई येते, वरच्या वाडीवरून. ती एकदा अंगण झाडताना म्हणाली, "भाऊ, गाडी जाग्यावरच पळवताय व्हय?"

"बुरशी धरते म्हणून."

"धरू द्या की. जरा कुटं फिरून तरी या. रोज बघते, तुमी नुसतं म्होरं बघत बसताय. म्होरं तर भित हाय."

खरोखरच समोर भिंत होती. ती झाडत झाडत मागच्या बाजूला गेली.

मग एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दोन दिवसांनी स्टेशनवरून येताना शेवटचा चढ गाडीला चढवेना. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी मेल्यासारखी चालायची. मागून मुंबईची पोरं दोन गाड्या भरून धबधब्याला आलेली, त्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. कसाबसा घरी पोचलो आणि गाडी लावून पायरीवर बसलो.

मला गाडीची काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. तेराव्यानंतर सुश्रुतने, माझ्या मुलाने, विषय काढला होता की बाबा, आता तुम्ही रावेतला आमच्याकडे या. मी नाही म्हणालो. बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मला स्टेंट घातलेला आहे. आमच्या टोकाला पावसात रिक्षावाले येत नाहीत, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता असा भरतो की चालत जाणंसुद्धा नको होतं. शेवटी तो म्हणाला, "गाडी आहे तोवर राहा. गाडी बंद पडली, की सामान बांधायचं. कबूल?" मी कबूल म्हणालो. गाडी फार जुनी नव्हती, म्हणून कबूल म्हणालो.

आता तीच गाडी चढ चढेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू कार्ले फाट्यावर गेलो. तिथं निवृत्तीचं गॅरेज आहे. माणूस पन्नाशीचा, तोंडात कायम बडीशेप. त्यानं मशीन जोडून पाहिलं, मग बॉनेट उघडून एक झडप काढली. इंजिनाचा थोडा धूर परत आत फिरवणारी ती झडप असते. आत बोट घालून त्यानं मला दाखवलं. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी काजळी, पण ओली, डांबरासारखी.

"काका, गाडी कुटं कुटं फिरवता?"

"स्टेशनपर्यंत. कधी लोणावळा."

"आन् बाकी दिवस?"

"बाकी दिवस रोज थोडा वेळ सुरू ठेवतो."

"जाग्यावर?"

"जागेवर. हीटर लावून. बुरशी धरू नये म्हणून."

निवृत्तीनं बडीशेप चावायची थांबवली. "हाय का आता. बुरशी गेली आन् इंजिन बसलं."

"हे काम ती पण करायची," मी म्हणालो.

"काकू करायच्या, पन तुमी सांगलीला बी जायचा ना. तितं जाईस्तवर समदं जळून जायचं. आता जळतच न्हाई तर साठतंय." त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं झडप खरवडायला घेतली. "ह्ये डिझेलचं बैलावानी हाय. गोठ्यात बांधून पेंड चारली तर सुजनारच. त्याला नांगराला जुपायला पायजे."

झडप त्यानं साफ करून बसवली. पण दिवा गेला नाही. खाली सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते, धुरातली काजळी धरून ठेवते, ती भरलेली होती. ती भरली की गाडी स्वतःहून जोर कमी करते, असं त्यानं सांगितलं.

"त्याला दोन उपाय हायेत. येक म्हंजी जाळी कापून काडायची, आतून पोकळ. मशीनमध्ये तसं भरून टाकू, परत कवा दिवा लागनार न्हाई. लय जन तसंच करून घेत्यात."

"आणि काजळी?"

"ती मागनं जानार की."

"कोणाच्या तोंडावर?"

"जो मागं आसंल त्याच्या," निवृत्ती हसला. "तुमाला काय, तुमी म्होरं."

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून सकाळी शाळेची पोरं चालत जातात. इंदिरा असती तर तिनं निवृत्तीचे कानच धरले असते. मी दुसरा उपाय विचारला.

"दुसरा म्हंजी पळवा. मी मशीनवरनं मार्ग मोकळा करून देतो, थोडा जोर यील. मग मोट्या रस्त्याला लागायचं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या वर ठेवायचा, चौथ्या गिअरला. लांब जायचं. जाळी तापली की काजळी आपोआप जळती. पंखा मोट्यानं वाजंल, लोखंड तापल्याचा वास यील, घाबरायचं न्हाई. आन् येक. दिवा जाईस्तवर गाडी बंद करायची न्हाई. मदीच बंद केली तर आर्धवट जळतं, परत पहिल्यापासनं. दोन-तीनदा आसं झालं तर जाळी कामातनं जाती."

"कुठं जाऊ?"

"आता त्ये मी काय सांगनार, काका."

घरी येऊन मी विचार करत बसलो. एवढ्या वर्षांत गाडी काढताना कुठं जायचं हे मला ठरवावं लागलं नव्हतं. ते ती ठरवायची. मी फक्त डिझेल किती आहे ते बघायचो. सांगलीला गेलो तर मेहुणा रडणार, त्याची बायको रडणार आणि मला त्यांची समजूत घालावी लागणार. तेवढी ताकद नव्हती. शेवटी ठरवलं, कुठंच जायचं नाही. लोणावळ्याला जाऊन एक्स्प्रेसवेला लागायचं, पुण्याकडं सुटायचं, दिवा गेला की कुठूनतरी परत फिरायचं.

बुधवारी सकाळी निघालो. भाद्रपद संपत आला होता, पाऊस विरळ झाला होता, भाताला लोंब्या आल्या होत्या. एक्स्प्रेसवेवर मी इंदिराच्या आजारपणानंतर आलो नव्हतो. त्या वेळी पुण्याच्या दवाखान्यात इतक्या खेपा झाल्या, की कुठं खड्डा आहे ते पाठ झालं होतं. शेवटची खेप दवाखान्यातून घरी, ॲम्ब्युलन्समधून झाली होती, म्हणजे मी पुढं ड्रायव्हरशेजारी आणि ती मागं. त्या दिवशी ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला होता आणि मला वाटत होतं, चालू ठेवला असता तर बरं झालं असतं.

गाडी सुरुवातीला कुरकुरली, मग ओढू लागली. कामशेतचे बोगदे गेले. पंखा मोठ्यानं वाजायला लागला, जळका वास आला. निवृत्तीनं सांगितलं होतं तसंच होत होतं, म्हणून मी चालवत राहिलो. पण दिवा जाईना. उर्से गेलं. मला वाटलं होतं, तिथून तळेगावात उतरता येईल, पण दिवा पिवळाच. पुढं एक्स्प्रेसवे संपला आणि मी रावेतच्या सिग्नलला उभा. सगळीकडं ट्रॅफिक. काटा दोन हजारावर ठेवायचा म्हणजे काय करायचं, मला कळेना. सुश्रुतचं घर तिथून जवळ. मी तिकडं वळवली.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं थांबवलं. "काका, गाडी बंद करा, रजिस्टरवर सही करा."

"बंद करता येत नाही."

"का?"

"काजळी जळतेय."

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वास घेतला. "मग जळकी गाडी आत नका घेऊ."

मी सुश्रुतला फोन लावला. बुधवारी तो घरून काम करतो. म्हटलं, खाली ये.

"तुम्ही इथं? काय झालं? छातीत दुखतंय का?"

"काही दुखत नाही. खाली ये. मला वर येता येत नाही, गाडी बंद करायची नाही."

तो हाफ पँट आणि इस्त्रीचा शर्ट अशा अवतारात धावत आला. मीटिंगला वरचंच अर्धं अंग दिसतं म्हणे. मी त्याला सगळं सांगितलं. जाळी, झडप, पिवळा दिवा. त्यानं दिव्याकडं पाहिलं आणि मला अपेक्षित होतं तेच म्हणाला.

"म्हणजे गाडी बंद पडली."

"पडलेली नाही. चालू आहे. बंदच तर करायची नाहीये."

"बाबा, शब्दांत पकडू नका. आपलं काय ठरलं होतं?"

"दिवा गेला नाही तर सामान बांधतो. पण पूर्ण जळू तरी दे. बस."

"माझं काम आहे."

"मग मी एकटाच जातो. परत एक्स्प्रेसवेला."

मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि वॉचमन हात हलवत होता. सुश्रुतनं पुढचं डावं दार उघडलं, आत पाहिलं, दार परत लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

"मी काय तुझा ड्रायव्हर आहे?"

उतरला, पुढं आला, बसला. सीट पुढं ओढलेली होती, कारण इंदिरा बुटकी. त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. सीट मागं घ्यायचा खटका कुठं आहे त्याला माहीत होतं, पण त्यानं घेतली नाही. तसाच बसला.

परत एक्स्प्रेसवेला लागलो. काटा दोन हजाराच्या वर ठेवला. त्यानं ऑफिसला फोन करून काहीतरी थाप मारली. मग तो म्हणाला, "रोज गाडीत बसता म्हणे तुम्ही. सारजामावशींनी फोन केला होता."

"तिला फोन करता येतो?"

"पोरानं लावून दिला. म्हणाल्या, भाऊ भितीकडं बघत बसत्यात, न्या त्यांना."

"आणि तू आला नाहीस."

हे मी सहज म्हणालो. भांडायच्या इराद्यानं नाही. पण खरं होतं. तेराव्यानंतर तो एकदाही भाज्याला आला नव्हता. फोन रोज करायचा, औषधं पाठवायचा, कुरिअरवाला आमच्या टोकापर्यंत येत नाही म्हणून मळवलीच्या दुकानात ठेवायला लावायचा. कधी मीटिंग, कधी सूनबाईची, पायलची तब्येत, कधी रविवारचा ट्रॅफिक. मी त्याच्यावर कधी रागावलो नव्हतो. मला वाटायचं, तरुण माणूस आहे, कामात आहे.

"उर्से आलं," तो म्हणाला. "इथून वळा, परत जाऊ."

मी दिव्याकडं बोट दाखवलं. पिवळा होता. उर्से मागं गेलं. आता लोणावळ्यापर्यंत वळायला जागा नव्हती. हे त्यालाही माहीत होतं. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

बाहेर बघतच म्हणाला, "बाबा, तुमच्या तब्येतीचं वगैरे मी सगळ्यांना सांगतो. ते खरंच आहे. पण तेवढंच नाही."

"मग?"

"मला त्या घरात यायला होत नाही."

मी काटा बघत राहिलो.

"शेवटच्या दिवसांत तिथं ती म्हणायची, सुश्रुत, खिडकी उघड. उघडीच असायची. मी म्हणायचो, उघडी आहे आई. ती म्हणायची, मग अजून उघड." मग म्हणाला, "तुम्ही इकडे आलात, की मला तिकडे यावं लागणार नाही. घर विकून टाकू, असंसुद्धा मनात होतं. म्हणून गाडीची अट घातली. गाडी लवकर बंद पडावी असं वाटायचं मला."

कोणी दुसऱ्यानं हे सांगितलं असतं तर कदाचित मी चिडलो असतो. पण तो माझ्या शेजारी गुडघे दुमडून बसला होता आणि लहानपणी गाडी लागायची तेव्हा व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. मला फक्त थकवा आला. वाटलं, दोघंही किती दिवस एकमेकांना औषधांच्या वेळा विचारत होतो.

"मला तिथून निघवत नाही," मी म्हणालो. "तुला तिथं येववत नाही. यात गाडीचा काय दोष."

तो हसला. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं आणि मग रडला. मला थांबता येत नव्हतं. खांद्यावर हात ठेवायला पाहिजे होता, पण शेजारून ट्रक जात होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते. मी नुसता चालवत राहिलो. त्याला पाहिजे तेवढा वेळ मिळाला. माणूस समोर बसलेला असला की डोळे पुसावे लागतात, गाडीत तसं नसतं.

बोगद्यात शिरलो तेव्हा अंधारात डॅशबोर्ड उजळला आणि मला दिसलं की पिवळा दिवा नाही. केव्हा गेला कळलंही नव्हतं. पंख्याचा आवाजही कमी झाला होता.

"गेला," मी म्हणालो.

त्यानं वाकून पाहिलं. "खरंच गेला." आणि बाहीनं नाक पुसलं.

लोणावळ्याला उतरलो आणि जुन्या हायवेनं परत पुण्याकडं निघालो. आता गाडी कुठंही बंद करता आली असती. कार्ले फाट्यावर निवृत्तीच्या गॅरेजसमोरून गेलो, तो कोणाच्या तरी गाडीखाली झोपलेला होता, फक्त चपला दिसत होत्या. तिथून उजवीकडं मळवलीचा रस्ता, पुढं भाजे. मी सवयीनं उजवा इंडिकेटर दिला. घर जवळच होतं. सारजाबाईनं सकाळी भाजी-भाकरी करून ठेवलेली असणार. वाटलं, येईल तर येईल.

सुश्रुत त्या टिकटिक वाजणाऱ्या इंडिकेटरकडं बघत होता.

"आज नको, बाबा."

"बरं."

मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेलो. कामशेत, वडगाव, सोमाटणे. त्या सगळ्या रस्त्यात त्यानं माफी वगैरे मागितली नाही. एकदा म्हणाला, गाडी आता चांगली ओढतेय. मी हो म्हणालो. वडगावच्या पुढं त्यानं सीट मागं घेतली आणि पाय लांब केले.

रावेतला पोचलो तर वॉचमननं या वेळी न विचारता गेट उघडलं. पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली. कान एकदम रिकामे झाले.

पायलनं जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर सुश्रुत मला आतल्या खोलीत घेऊन गेला. माझ्यासाठी तयार केलेली खोली, मी ती पहिल्यांदाच बघत होतो. नवीन कपाट, एकट्याचा पलंग, बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा. खिडकीला जाड पडदा. खोली चांगली होती. कोणी मनापासून केली होती, हे दिसत होतं. बाहेर डायनिंग टेबलावर त्याचा लॅपटॉप, वायरी, कपांचे गोल डाग, असा त्याच्या ऑफिसचा सगळा पसारा होता.

"तू इथं टेबल टाक," मी म्हणालो. "पलंग राहू दे. मी दर बुधवारी आलो की दुपारी आडवा होईन. गाडीला असंही आठवड्यातून एकदा लांब पळवायलाच पाहिजे, निवृत्ती म्हणतो."

"आणि अट?"

"गाडी चालू आहे."

त्यानं खिडकीजवळची भिंत पाहिली, मग दाराची रुंदी पाहिली. टेबल आडवं करून आत येईल, म्हणाला.